दोलोच्या नावावर एक पोतं मीठ

विद्वान माणूस घरात ठेवून घ्यायचा म्हणजे काय असतं ते मला विचारा. आमच्या झिरोच्या खोऱ्यात मी माझ्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, आणि त्यातले निम्मे आमच्यावर काहीतरी लिहायला आलेले असतात. कोणी भातखाचरातले मासे मोजतो, कोणी म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवरचं गोंदण. एक बाई तर माझ्या सासूच्या मागे मागे वही घेऊन संडासापर्यंत जायची. सासू वैतागून म्हणाली, "यापी, तुझ्या या पाहुणीला एकदा सांग, आत मी जे करते तेच तिच्या गावात पण करतात." पण माझं त्यांच्याशी वाकडं नाही. गोड बोलतात, ताट उचलून ठेवतात, तांदळाची दारू जरा जास्त झाली तर गाणी म्हणतात. माझा राग एकाच माणसावर आहे आणि तो मी मरेपर्यंत जपणार आहे.

त्यांचं नाव प्रोफेसर निरुपम लाहिरी. सीमाभागाचा इतिहास हा त्यांचा विषय. आम्ही ज्याला घर म्हणतो त्याला ते सीमा म्हणायचे. मी एकदा विचारलं, "सर, आम्ही जर कडेला, तर मध्ये कोण बसलंय?" ते खूप हसले आणि त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. पुढे ते त्यांच्या पुस्तकात 'एका स्थानिक स्त्रीचे मत' म्हणून आलं. नाव नाही. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं, पण मला बापडीला कौतुकच वाटलं.

त्यांना माहिती देणारे होते तातुंग आतो. आमच्याकडे आजोबांना आतो म्हणतात, आणि हे आख्ख्या गल्लीचे आतो. आमच्याच कुळातले, माझ्या घरापासून चार पावलांवर राहणारे. गावात भांडण झालं, जमिनीच्या बांधावरून असो की पळवून आणलेल्या नवरीवरून, दोन्ही बाजूंमध्ये निरोप घेऊन जायला आतोच लागायचे. त्यांचे वडील दोलो हेही तसेच मध्यस्थ होते. प्रोफेसर दोन हिवाळे रोज त्यांच्या चुलीपाशी बसले. आतोंनी पण हात आखडता घेतला नाही. चुलीवर टांगलेलं धुरावलेलं मांस कापून द्यायचे, झाडपाल्याच्या राखेपासून केलेल्या काळ्या मिठाची आमटी वाढायचे, आणि बोलायचे.

मग पुस्तक आलं. जाडजूड, वर आमच्या खाचरांचं चित्र. त्यात एका पानावर हे होतं, मी इंग्रजीतून जसंच्या तसं सांगते: 'सैन्याला शेजारच्या गावाच्या धान्यकोठारांची वाट दोलो नावाच्या इसमाने दाखवली व त्याबद्दल त्याला एक पोतं मीठ बक्षीस मिळालं. त्याच्या मुलाने प्रस्तुत लेखकाजवळ याला दुजोरा दिला आहे.'

 साहेबाची फौज वर आली आणि पलीकडच्या गावाच्या कणग्या तिने जाळल्या, हे खरंच आहे. आतो तेव्हा आईच्या पाठीवर होते. पण कणग्यांची वाट दाखवायला माणूस लागतो होय? आगीच्या भीतीने आम्ही कणग्या गावाबाहेर उघड्या माळावर, ओळीने उभ्या करतो. टेकडीवरून शेंबडं पोरही बोट करून दाखवील. दोलो फौजेकडे गेले ते आग विझल्यावर. धरून नेलेली माणसं सोडवायला एकटे गेले, बोलून बोलून साहेबाचं मन वळवलं, आणि माणसं परत आणली. तह झाला म्हणून साहेबाने मीठ दिलं. ते पोतं पाठीवर घेऊन दोलो आधी जळालेल्या गावात गेले, तिथे दारोदार वाटलं, आणि उरलेलं आमच्या गावात आणलं. हे खोऱ्यातली सगळी म्हातारी माणसं जाणतात.

मग आतोंनी दुजोरा दिला कसा? तर आमच्या म्हाताऱ्यांची एक रीत आहे. पाहुणा बोलत असताना त्याला मध्येच 'नाही' म्हणत नाहीत. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत 'हो, हो' करत राहतात. त्याने पेला खाली ठेवला की मग आपलं सांगायला लागतात, आणि तेव्हा काय ते खरं बाहेर येतं. प्रोफेसरांनी फौजेच्या साहेबाने तेव्हा लिहिलेला अहवाल वाचून दाखवला, आतो 'हो, हो' म्हणाले, आणि प्रोफेसर तेवढं 'हो' घेऊन उठले.

पुस्तक पुस्तकात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. इटानगरला शिकणाऱ्या कुणीतरी त्या पानाचा फोटो काढला, खाली हिंदीत मजकूर लिहिला, आणि तो फोनवरून फोनवर खोऱ्यात फिरला. त्या वर्षी वसंतातल्या म्योकोच्या सणाची पाळी आमच्या गावाकडे होती. म्योकोला दुसऱ्या गावातले पिढीजात मित्र घरी येतात. ही मैत्री आपण करत नाही, ती बापाकडून मिळते, जमिनीसारखी. आतोंचा असा मित्र होता त्याच जळालेल्या गावातला, ताम्यो म्हणून, आतोंच्याच वयाचा. दोघांच्या बापांची मैत्री, आजोबांची मैत्री. आतोंनी डुकराचा मोठा वाटा त्याच्यासाठी वेगळा टांगून ठेवला होता. पहिल्या दिवशी ताम्यो आला नाही. आतो म्हणाले, "गुडघे दुखत असतील." पुढेही आला नाही. सण संपला तरी मांस तिथेच टांगलेलं. सुनेने ते काढायला हात लावला तर आतो तिच्यावर खेकसले. ते कधी खेकसत नाहीत.

भात कापून झाला आणि प्रोफेसर पुन्हा माझ्याकडे उतरायला आले. सह्या केलेली पुस्तकं घेऊन आले, आणि आतोंसाठी एक रेशमी शाल. ती त्यांनी आतोंच्या खांद्यावर घातली आणि फोटो काढून घेतला. आतोंनी पाहुण्याचं जेवण होऊ दिलं, पेला खाली ठेवू दिला. मग मला म्हणाले, "यापी, आता मी बोलतो ते त्यांच्या भाषेत नीट सांग त्यांना. काही गोड करू नकोस."

मी म्हटलं, "आज मी गोड करणारच नाहीये."

"गुरुजी," आतो म्हणाले, "माझ्या बापाबद्दल एक ओळ लिहिलीय तुम्ही. ती काढा."

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "आतो, ती ओळ माझी नाही. त्या वेळच्या साहेबाच्या अहवालात आहे ती."

"साहेब मेला. तुम्ही जिवंत आहात."

"पण तुम्ही स्वतः हो म्हणालात. माझ्याकडे तुमचा आवाज आहे." आणि त्यांनी खरोखर यंत्र काढून तो लावला. आतोंच्या चुलीतलं लाकूड तडतडताना ऐकू आलं, प्रोफेसरांचा आवाज आला, आणि मध्ये मध्ये आतोंचं हो, हो. मग खट्.

"पुढचं कुठाय?" आतोंनी विचारलं.

"पुढचं?"

"मी नंतर सांगितलं ते. माणसं सोडवून आणली ते. मीठ वाटलं ते."

प्रोफेसर जरा गडबडले. "त्या वेळी मी बंद केलं असेल. मला वाटलं, विषय बदलला."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, तुम्ही आमचं अर्धं ताट जेवता आणि आख्ख्या स्वयंपाकाला नावं ठेवता!"

"दीदी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण इतिहास पुराव्यावर चालतो." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ताप आलेलं पोर आहे. "एक करता येईल. पुढच्या आवृत्तीत तळटीप देऊ. कुटुंबीयांना हे मान्य नाही, अशी."

"तळटीप म्हणजे काय?" आतोंनी मला विचारलं.

"पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहितात ते."

आतोंनी मान हलवली. "म्हणजे माझा बाप वर ठळक अक्षरात घरभेद्या, आणि खाली बारीक अक्षरात बरा माणूस." शाल खांद्यावरून काढून त्यांनी नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि काठी टेकत घरी गेले.

सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा बाहेर लोकांची कुजबुज ऐकू आली. दार उघडून पाहते तर खांबांवरच्या माझ्या घराच्या शिडीसमोर आतो उभे. अंगावर सणाचा पांढरा शेला, पाठीवर टोपली. त्यांनी एक सपाट दगड माझ्या दारासमोर ठेवला आणि टोपलीतून वस्तू काढून शेजारी मांडल्या. काशाची ताटं आणि घंटा. या घंटा पूर्वी डोंगरापलीकडून, तिबेटातून यायच्या. आता कुठल्याही बाजारात मिळत नाहीत. ज्याच्या घरात त्या आहेत ते घर मोठं. त्यातली एक तर आतोंच्या आईने लग्नात आणलेली.

 याला आमच्याकडे लिसू म्हणतात. कुणी तुमची अब्रू घेतली तर तुम्ही त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याच्या वस्तूला लावायचा नाही. त्याच्या दारात जाऊन स्वतःचीच मोलाची वस्तू नष्ट करायची. मग त्याने तेवढीच किंवा त्याहून मोठी स्वतःची वस्तू नष्ट करायची. नाही केली तर तो हरला, आणि तो खोटा होता हे गावाने धरून चालायचं. जुन्या काळी लोक यात आपली गुरंच्या गुरं मारून कंगाल झाले. हल्ली कोणी करत नाही. मी माझ्या उभ्या आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"लाहिरी!" आतो ओरडले. गुरुजी नाही, नुसतं लाहिरी. "माझ्या बापाचं नाव तू मातीत घातलंस. माझं काय जातंय ते बघ. मग तुझं काय जातंय ते मला दाखव."

ताटं लवकर चेचली गेली. पण घंटा सहजी फुटत नाही. कुऱ्हाडीच्या पाठीने म्हातारा घाव घालायचा, ती वाजायची, आणि पुन्हा तशीच. आख्खी गल्ली उभी होती, धडधाकट पोरं उभी होती, पण कोणी पुढे झालं नाही. यात मदत करायची नसते. आतोंचा श्वास फुलला, हात लटलटायला लागले, ते दगडावर बसले, पुन्हा उठले. आईची घंटा त्यांनी शेवटी घेतली. ती फुटली तेव्हा माझी सासू मोठ्याने रडली.

आणि आमचे प्रोफेसर! माझ्या ओट्यावर उभे राहून ते चित्रण करत होते. डोळ्यांत पाणी. मला क्षणभर वाटलं, पाझर फुटला माणसाला. तेवढ्यात ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अद्भुत! दीदी, मी हे फक्त वाचलं होतं. शेवटच्या घंटेच्या वेळी ऊन नेमकं समोरून आलं. त्यांच्याकडे आणखी एखादी असेल का?"

मी त्यांना विचारलं, "म्हणजे हे काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे?"

"अर्थात. मी शिकवतो हे विद्यार्थ्यांना."

"मग हे तुमच्या दारात आलंय. तुम्ही उत्तर द्यायचंय."

"मी?" ते खरंच चकित झाले. "नाही नाही, मी यात नाही. मी निरीक्षक आहे."

"सर, ते म्हातारं माणूस तुमचं नाव घेऊन ओरडतंय. तुम्ही एकच करा. ज्यात त्यांचं अर्धं 'हो' भरलंय ना, ती तुमची काळी डबी आणा आणि त्या दगडावर ठेवा. नाहीतर पुस्तकाचं ते एक पान फाडा सगळ्यांसमोर. त्यालासुद्धा गाव मान देईल."

त्यांनी गळ्यात अडकवलेली ती डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "दीदी, यात कित्येक वर्षांचं काम आहे. हे माझ्या एकट्याचं नाही, हे ज्ञान आहे."

"आणि त्या घंटा काय होत्या, भांडी?"

ते आत गेले आणि सामान भरायला लागले. आतो ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच दगडापाशी बसून होते, उत्तराची वाट पाहत. प्रोफेसर मागच्या दाराने निघाले. परसातून, डुकरांच्या खोपटाजवळून, बांबूच्या बेटातून वळसा घालून त्यांनी खोऱ्यातल्या हापोली शहराकडची गाडी गाठली. शाल मी त्यांच्या बॅगेवर ठेवून दिली होती.

त्या आठवड्यात ताम्यो आला. नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून, गुडघ्यांना फडकी बांधून. काही न बोलता दगडापाशी गेला, घंटेचा एक तुकडा उचलून कमरेला खोचला, आणि आतोंच्या चुलीपाशी जाऊन बसला. "पोरांनी फोन वाचला आणि आम्ही पोरांचं ऐकलं," तो म्हणाला. "म्हातारपणी माणूस गाढव होतो रे, तातुंग."

आतो म्हणाले, "तू तरुणपणीही काही घोडा नव्हतास." मग ते टांगून ठेवलेलं मांस खाली उतरलं. दगडासारखं कडक झालेलं, दोघांना मिळून दात किती, पण दोघे ते चघळत बसले. मला वाटलं, चला, घंटा गेल्या पण नाव परत आलं.

मी मूर्ख. पुढच्या वसंतात टपालाने एक गुळगुळीत मासिक आलं, 'सस्नेह' असं लिहून. आत प्रोफेसरांचा लेख आणि पानभर फोटो: आतो, हातात कुऱ्हाड, पायाशी फुटलेली घंटा. खाली लिहिलेलं: 'सैन्याला साथ देणाऱ्या पित्याच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून स्वतःची संपत्ती नष्ट करताना दोलोचा मुलगा.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. प्रायश्चित्त! ज्या माणसाने भर गावासमोर सांगितलं की तू खोटा आहेस, त्याच्याच फोटोखाली या गृहस्थाने लिहिलं की म्हाताऱ्याने गुन्हा कबूल केला. आणि हे त्याला कळत नव्हतं असं मी मानणार नाही. मी माझ्या तोंडाने त्याला सांगितलं होतं. मी ते मासिक चुलीत घालणार होते, पण त्याने काय होणार? तोवर ते फोनांवर पोचलं होतं. हापोलीच्या शाळेत एका मास्तरने ते वर्गात वाचूनही दाखवलं. आमच्याच मुलांना, आमच्याच म्हाताऱ्याबद्दल.

आतोंनी मला बोलावलं. "वाच."

मी वाचलं. काही गोड केलं नाही.

त्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग विचारलं, "हे किती लोक वाचतात?"

"दूर दूरचे वाचतात, आतो. आपल्याला न ओळखणारे."

"आणि ते मेल्यावर?"

"पुस्तक राहतंच."

दुसऱ्या दिवशी ते गल्लीतल्या बैठकीच्या फळ्यांवर जाऊन बसले. जिथे गावाच्या गोष्टी ठरतात ती ही जागा. ताम्योला निरोप गेला होता, तोही आला. आतो म्हणाले, "मी एकदा घंटा फोडल्या, तर तो म्हणतो मी पाप धुतलं. म्हणजे माझं फोडणं कमी पडलं. आता मोठं काहीतरी फोडायला हवं. घरात काही उरलेलं नाही. आपलं कूळ उत्तरेकडून कसं आलं, कुठल्या नदीवर कोण थांबलं, कुणाच्या पोटी कोण, म्योकोला म्हणायची ती सगळी वाट आता माझ्या एकट्याच्या तोंडात आहे. ती आजपासून संपली. मी ती कुणाला सांगणार नाही. त्याला नाही, तुम्हाला नाही, म्योकोला नाही, माझ्या नातवंडांनाही नाही."

एकच गलका झाला. मी ओरडले, "आतो, यात त्याचं काय जातंय? हे तर आपलंच जातंय!"

"लिसूमध्ये आपलंच जातं," आतो म्हणाले. "म्हणून तर समोरच्याला लाज वाटते."

"त्याला लाज नाहीये, आतो!"

 ताम्योने त्यांचा हात धरला आणि तो रडायला लागला. लोकांनी समजावलं, तरुण पोरांनी पाय धरले, माझ्या सासूने शिव्या दिल्या. व्यर्थ. या वेळी म्योकोची पाळी पुन्हा आमच्याकडे आली, पण आमच्या कुळाची वाट कुणी म्हटली नाही. म्हणायच्या वेळेला सगळे आतोंकडे बघत राहिले आणि आतो जमिनीकडे. मग मांस वाटायला सुरुवात झाली. आमची मुलं आपण कुठून आलो ते आता कुणाला विचारणार? त्या पुस्तकाला? मला आतोंचा राग येतो, त्या माणसाचा तर येतोच, आणि दोन्ही राग घेऊन मी भांडी घासते.

परवा मी आतोंकडे टोपल्या विणायला बसले होते आणि फोन वाजला. प्रोफेसर लाहिरी. आवाज अगदी मायेचा.

"दीदी, कशा आहात? एक महत्त्वाचं काम आहे. ऐकलंय की तातुंग आतोंनी कुळाची वाट म्हणणं सोडलंय. अहो, ही परंपरा नष्ट होते आहे! ती वाचवायला हवी. मी या हिवाळ्यात येतो, मोठी यंत्रसामग्री घेऊन. तुम्ही फक्त त्यांना तयार करा. ते आहेत का जवळ?"

"आहेत," मी म्हटलं, आणि फोन आतोंच्या तोंडासमोर धरला.

आतोंना आवाज ओळखू आला. ते बांबूची कामटी सोलत होते, ती सोलत राहिले. पलीकडून "हॅलो, आतो? आतो, बोला ना. हॅलो?" असं चाललं होतं. मी हात दुखेपर्यंत फोन तसाच धरून ठेवला.

मग तो कानाला लावला आणि म्हटलं, "ऐकलंत ना, सर? सगळं सांगून झालं त्यांचं. या वेळी मध्येच बंद करू नका. पूर्ण लिहून घ्या."